साडूंच्या कवळ्या

९ फेब्रुवारी

प्रिय साडूभाऊ,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तुम्ही आधी बायकोला हाक मारली असेल, "अगं, बँडमास्तरांचं पत्र आलंय, काही बरंवाईट तर नाही?" बरं काही नाही. वाईट आहे ते माझ्या तोंडात आहे.

फोनच केला असता. पण सध्या मी फोनवर 'साडूभाऊ' म्हणालो की पलीकडच्याला 'हाऊहाऊ' ऐकू येतं. आणि आमच्या हिचं म्हणाल, तर तीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये दुसऱ्यांचे फोन जोडून देऊन ती इतकी विटलीय, की हल्ली फोन वाजला की अंघोळीला जाते.

तर झालं असं. गेल्या शनिवारी आमच्या फायर ब्रिगेडच्या जुन्या ड्रायव्हरचा निरोपसमारंभ होता. सगळे म्हणाले, "मास्तर, एक धून होऊन जाऊ द्या." निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी मला अजून मास्तरच म्हणतात, त्यामुळे नाही म्हणवेना. कॉर्नेट ओठाला लावलं, छाती भरून घेतली आणि वरचा सूर धरला. सूर लागला. पण असा लागला, की वरच्या कवळीनं टाळू सोडली. मी घाबरून कॉर्नेट खाली घेतलं, तर कवळी माउथपीसला चिकटून त्याच्याबरोबर बाहेर आली. समोर दोनशे माणसं, आणि माझ्या हातातलं कॉर्नेट त्यांच्याकडे बघून हसतंय!

नव्या बँडमास्तरीणबाई, म्हणजे माझीच विद्यार्थिनी, तिनं ड्रमवाल्याला खूण केली आणि सगळ्यांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे. टाळ्यासुद्धा पडल्या. नंतर तीच मला बाजूला घेऊन म्हणाली, "मास्तर, ऑक्टोबरमध्ये आपली जुनी इमारत पाडणार. शेवटच्या संध्याकाळी पाळी बदलायची धून तुम्हीच वाजवायची." मी हो म्हणालो. कवळी तेव्हा माझ्या रुमालात होती, म्हणजे नक्की काय म्हणालो ते तिलाच ठाऊक, पण तिनं तो होकार धरला.

आता तुम्ही सांगा. तुम्ही जबड्यात इम्प्लांट बसवून घेतलेत त्याला दोन वर्षं झाली. मागच्या भेटीत तुम्ही सगळ्यांसमोर दातांनी अक्रोड फोडलात, तो कडाका अजून माझ्या डोक्यात आहे. तसे दात मला ऑक्टोबरच्या आत हवेत. काय करावं लागतं?

तुमचा,
बँडवाला साडू

ता.क. छोटे, मी ताई. ह्यांना म्हटलं, या वयात वाजवायचं कशाला, लोक काय म्हणतील. तर म्हणाले, लोकांसाठी वाजवत नाही. मग कोणासाठी, तर कॉर्नेट पुसत बसले. पुरुषांची हौस, दुसरं काय. तू पत्र लिहीत जा. पत्र बरं पडतं.

---

२० फेब्रुवारी

प्रिय साडू,

आपले ९ तारखेचे पत्र पावले. झाला प्रकार वाचून खेद झाला. (ही फार हसली. मी हसलो नाही.)

विषय माझ्या अभ्यासातला आहे. मी पस्तीस वर्षे पूल तपासण्यात घालवली, आणि जबडा काय, नदी काय, प्रश्न शेवटी पायाचाच असतो. आपली सध्याची कवळी हा तराफा आहे. हिरड्यांवर तरंगतो, वारा आला की सुटतो. आपण तर स्वतःच वारा निर्माण करता. तेव्हा खांब रोवणे आले. इम्प्लांट म्हणजे टायटॅनियमचा खांब. डॉक्टर तो हाडात पिळून बसवतात, तीन-चार महिन्यांत हाड त्याला घट्ट धरते आणि मग त्यावर दात चढवतात.

कसे चढवायचे, यातच मुख्य भेद आहे. दोन खांब आणि त्यांवर टिचबटणे, ही झाली काढती कवळी. सदऱ्याच्या बटणासारखी टिच्‌ करून लावायची, रात्री काढायची, धुवायची. दुसऱ्या प्रकारात खांबांवर एक धातूची दांडी टाकतात, तिला कवळीच्या आतले चाप पकडतात. तीही काढती. तिसरी पक्की. चार किंवा सहा खांबांवर स्क्रूने आवळून टाकतात, ती फक्त डॉक्टरच काढू शकतात.

मी अर्थातच पक्की बसवून घेतली. काम करावे तर कायमचे. काढता-घालता येणारा पूल मी आयुष्यात एकच पाहिला. तो तात्पुरता म्हणून टाकला होता आणि पहिल्याच पुरात तात्पुरता ठरला. आपणही पक्कीच घ्यावी. बटणांच्या भानगडीत पडू नये. माणसाने आपले दात डब्यात ठेवून झोपावे, हे मला तरी शोभत नाही.

आपला,
पूलवाला

ता.क. भाऊजी, मी छोटी. पाकीट चिकटवायचं काम माझ्याकडे असतं, म्हणून दोन ओळी घुसवते. यांची कवळी पक्की-बिक्की काही नाही. खाली दोन टिचबटणं आहेत. रात्री काढून स्टीलच्या डब्यात ठेवतात आणि डबा टॉवेलखाली लपवतात, मला दिसू नये म्हणून. डबा मीच धुते. आणि तो अक्रोड मी आधी स्वयंपाकघरात फोडून, दोन्ही कवचं जुळवून, त्यांच्या हातात दिला होता. हे तुम्हाला कळलंय असं चुकूनही दाखवू नका, नाहीतर ते पाकिटं स्वतः चिकटवायला लागतील आणि मग मला तुमच्याशी बोलता यायचं नाही.

---

२ एप्रिल

प्रिय साडूभाऊ,

तुमचा सल्ला शिरोधार्य. काम झालं. म्हणजे अर्धं झालं.

दातांच्या डॉक्टरीणबाई तरुण आहेत आणि माझ्याशी मी बहिरा असल्यासारखं मोठ्यानं बोलतात. त्यांनी मला कॉर्नेट घेऊन यायला सांगितलं. खुर्चीत बसवून म्हणाल्या, "फुंकू नका, नुसतं लावून दाखवा." मी लावलं. त्यांनी वाकून, बाजूनं, खालून, सगळीकडून बघितलं. म्हणाल्या, "सगळा जोर वरच्या पुढच्या दातांवर येतो हो!" चाळीस वर्षांत मला हे कोणी सांगितलं नव्हतं. मग फोटो काढले. खालचं हाड चांगलं आहे. वरचं भुसभुशीत, बिस्किटासारखं. तेव्हा वर सहा स्क्रू आणि त्यांवर पक्की कवळी. तुमच्यासारखी! टाळूवर पत्रा नाही, काही नाही, सगळं मोकळं. खाली मात्र दोन टिचबटणंच पुरे म्हणाल्या.

तुम्ही मला हसाल, ठाऊक आहे. पण प्रत्येकाचा जबडा तुमच्याइतका बाणेदार नसतो. एक विचारायचं होतं, ही बटणांची कवळी रात्री ठेवायची कशात? काचेच्या ग्लासात, की स्टीलच्या डब्यात? पण तुम्हाला विचारून काय उपयोग, तुम्हाला त्यातला काय अनुभव!

मागच्या आठवड्यात आठही स्क्रू एकाच बैठकीत बसवले. दुखलं नाही. आवाज मात्र असा येत होता, की जणू शेजारच्या घरात कोणी भिंतीला खिळा ठोकतंय आणि ते घर म्हणजे माझं डोकं. आता वर तात्पुरती कवळी आहे, दिसण्यापुरती. हाड पकडेपर्यंत फुंकायचं नाही. कॉर्नेट नाही, फुगा नाही, नाकसुद्धा जोरात शिंकरायचं नाही. जुलैच्या शेवटी पक्की बसेल. मग ऑगस्ट, सप्टेंबर रियाज. जमेल.

जमायलाच हवं. का, ते विचारू नका.

तुमचा,
स्क्रू ढिला नसलेला साडू

ता.क. छोटे, या दातांपायी ह्यांचं बोलणं पार बिघडलंय. काय म्हणतात ते मला अजिबात कळत नाही. परवा म्हणाले "वही दे", मी वाटीभर दही दिलं. नुसते बघत राहिले माझ्याकडे. मग मुकाट्यानं सगळं दही खाल्लं. कधी एकदा पक्के दात बसतात आणि हा माणूस स्पष्ट बोलायला लागतो असं झालंय मला.

---

२८ एप्रिल

प्रिय साडू,

अभिनंदन. आता एकच काम, धीर धरणे. नवीन काँक्रीटवरून कोणी गाडी नेली तर मी त्याला उभा जाळीत असे. हाडाचेही तेच. ऊठसूट जिभेने चाचपून पाहू नका. ती सवय वाईट असते असे ऐकून आहे.

डब्याबद्दल मला खरोखर कल्पना नाही. तरी स्टीलपेक्षा झाकणाचा प्लास्टिकचा बरा. स्टीलचा रात्री हात लागून पडला तर फार वाजतो, असे कोणीतरी म्हणत होते.

आपला,
पूलवाला

ता.क. हे फक्त ताईसाठी. भाऊजी, इथून पुढे वाचू नका, शपथ आहे.

ताई, दही प्रकरण वाचून मी यांना मुद्दाम भाऊजींना फोन करायला लावला होता. बोबडं बोलतात, पण सगळं कळलं की आम्हाला! मग तुलाच का कळत नाही? जानेवारीत मी फोनवर विचारलं, "तब्येत कशी आहे?" तू म्हणालीस, "साडेपाच." मला वाटलं चेष्टा करतेस. खरं सांग, ताई. दात भाऊजींचे गेलेत, पण बिघाड तुझ्या कानात आहे ना?

---

१० मे

छोटे,

तुला लहानपणापासून भोचकपणा फार.

बिघाड वगैरे काही नाही. जरा कमी येतं. म्हातारपणी सगळंच कमी होतं, त्यात कान काय वेगळे! मार्चमध्ये ह्यांना बाजारात जाते सांगून मी कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. त्यांनी मला एका पेटीत बसवलं, कानावर डबडी चढवली आणि म्हणाले, आवाज आला की बटण दाबा. मी अंदाजानं दाबत राहिले. ते बाहेर येऊन म्हणाले, "आजी, मशिन अजून सुरूच केलं नव्हतं." दोन्ही कानांना यंत्र लावा म्हणाले. मी बघते म्हणाले आणि येताना खरोखरच बाजार करून आले.

यंत्र मी लावणार नाही. अगं, एक्सचेंजमध्ये मी नुसत्या श्वासावरून ओळखायचे पलीकडे कोण आहे ते. वकीलसाहेब फोन उचलला की आधी खाकरायचे, सराफाची बायको हॅलोच्या आधी उसासा टाकायची. अशी माझी ख्याती. आणि आता कानामागे वाटाणा अडकवून फिरू?

ह्यांना कळता कामा नये. बिचाऱ्यांनी तोंडात आठ स्क्रू बसवून घेतलेत, वर हे कशाला. आणि खरं सांगू का, ती धून. तू तेव्हा शाळेत होतीस. आमच्या एक्सचेंजसमोरच फायर ब्रिगेड. संध्याकाळी पाळी बदलताना गच्चीवरून एक मुलगा कॉर्नेट वाजवायचा. मी खिडकीशी बसायला लागले तसा त्यानं शेवटचा सूर लांबवायला सुरुवात केली. रोज थोडा जास्त. एकदा इतका लांबवला की घरी निघालेली पाळी खाली तशीच ताठ उभी, कारण सूर संपल्याशिवाय हलायचं नाही असा नियम! साहेबांनी त्याला फैलावर घेतलं. मी मात्र जे समजायचं ते समजले.

ते आता ऑक्टोबरात पुन्हा वाजवणार, आणि मला ऐकू येईल की नाही देव जाणे. मी ऐकू आल्यासारखा चेहरा करणार आहे. तो मला चांगला जमायला लागलाय.

तुझी,
ताई

---

२० जून

साडूभाऊ,

हे पत्र मेहुणीला दाखवू नका. चेष्टेचा विषय नाही.

वरचे पुढचे दोन स्क्रू गेले. माझ्या हातानं, म्हणजे माझ्या तोंडानं गेले.

मी तुम्हाला म्हणालो होतो ना, का ते विचारू नका. आता सांगतो. हिला ऐकू येत नाही. ती मला सांगत नाही, आणि मला कळलंय हे मी तिला सांगत नाही. मी मागून हाक मारली तर वळत नाही, समोर आलो की ओठांकडे बघते. आणि माझे ओठ तर या तात्पुरत्या कवळीपायी हे असे! तिला वाटतं मी बोबडा झालोय. वाटू दे. म्हणून मला ऑक्टोबरची घाई होती. अजून थोडं येतंय तोवर एकदा ती धून तिच्या कानात पडावी, बस्स.

त्या दिवशी दुपारी ती स्वयंपाकघरात माझ्याकडे पाठ करून मटार सोलत बसली होती. मी कपाटातून कॉर्नेट काढलं. शपथेवर सांगतो, एकच हलका सूर लावून बघायचा होता. लावला. ती वळली नाही. म्हटलं लांब आहे, म्हणून दारात गेलो. पुन्हा लावला. ती सोलतेच आहे. मग आख्खी धूनच सुरू केली. वरच्या मजल्यावरचे काठीनं जमीन ठोकायला लागले. समोरच्या घरातली माणसं गॅलरीत आली. कुत्री भुंकायला लागली. मी तिच्या पाठीमागे हातभर अंतरावर उभा राहून छाती फुटेस्तोवर फुंकतोय, आणि ती एकेक दाणा वाटीत टाकतेय.

शेवटच्या वरच्या सुराला तोंडात काहीतरी कट्‌कन हललं. मी थांबलो. माझी सावली ओट्यावर पडली तशी ती वळली. कॉर्नेट मी पाठीमागे लपवलं. म्हणाली, "काय हो, भूक लागली का?"

मी हो म्हणालो.

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही स्क्रू बोटांनी काढून ताटलीत टाकले आणि या वेळी अगदी हळू आवाजात बोलल्या. तो मोठ्या आवाजापेक्षा वाईट. पुढे आता पक्की कवळी नाही. जागा भरून यायला हवी, मग पुन्हा स्क्रू, पुन्हा वाट बघणं. ऑक्टोबरपर्यंत जमेल ते एवढंच, की मागचे चार चांगले धरलेत, त्यांवर दांडी टाकून काढती कवळी करायची. मी नको म्हणून सांगितलं. काढती कवळी पुन्हा दोनशे माणसांपुढे बाहेर आली तर? आणि आता हीसुद्धा समोर असणार. उद्या बँडमास्तरीणबाईंना नकार कळवतो.

तुमचा,
साडू

---

२६ जून

प्रिय साडू,

नकार कळवला असल्यास मागे घ्या. कळवला नसल्यास कळवू नका. हे पत्र आधी शांतपणे वाचा.

माझे एक जवळचे मित्र आहेत. आपण त्यांना ओळखत नाही. तेही माझ्याच खात्यात होते. त्यांच्या जबड्यात हाड कमी निघाल्यामुळे त्यांना काढती कवळी घ्यावी लागली. टिचबटणांची. सुरुवातीला त्यांना ते फार कमीपणाचे वाटले. आयुष्यभर भक्कम कामाचा आग्रह धरलेला माणूस! त्यांनी चार लोकांत पक्की असल्याचे सांगितले, हेही मी आपल्याला विश्वासात घेऊन सांगतो. पण साडू, दोन वर्षांत ती एकदाही सुटलेली नाही. ते शिंकतात, भांडतात, सफरचंद खातात. एकदा मी बसमधून उतरताना तोंडावर आपटलो, चष्मा फुटला, नाक फुटले, कवळी जागेवर! म्हणजे ते आपटले. मित्र. रात्री काढून घासता येते म्हणून हिरड्या स्वच्छ राहतात, डॉक्टर दर वेळी माझी पाठ थोपटतात. त्यांची.

काढती म्हणजे सुटणारी नव्हे. आपण काढली तरच निघते. हा फरक मला, लिहितोच आता, मला समजायला वेळ लागला. आपल्याला तर बटणे नाहीत, दांडी मिळते आहे. चार खांबांवर आडवी तुळई, तिच्यावर चाप. जुन्या तराफ्याशी तिचे काही नाते नाही. शिवाय टाळू मोकळी राहील. आणि पुढे खांबच नाहीत म्हटल्यावर तिथे जोर किती द्यायचा ते डॉक्टरीणबाईंना विचारूनच ठरवा, स्वतःच्या हुशारीने नको. वरचा सूर झेपत नसेल तर धून खालच्या पट्टीत घ्या. पूल बुटका असला तरी माणसे पलीकडे जातात.

आपला,
(टिचबटणवाला) साडू

हिला पत्र दाखवले नाही. तिने ते माझ्या आधीच उघडले होते.

ता.क. भाऊजी, त्या मित्राला मी पण ओळखते. माणूस चांगला आहे. काल रात्री त्यांनी डबा पहिल्यांदाच टॉवेलखाली न लपवता सरळ टेबलावर ठेवला.

आता तुमचं. ताई मला लिहिते, ह्यांना कळता कामा नये. तुम्ही लिहिता, तिला कळता कामा नये. दोघं एका घरात राहून एकच गोष्ट एकमेकांपासून लपवताय आणि दोन्हीकडचं ओझं माझ्या पोटात. मावत नाही हो! तुमचं मटारवालं पत्र मी याच टपालानं ताईला पाठवून दिलंय. काय रागवायचं ते दोघांनी मिळून रागवा.

---

१८ ऑक्टोबर

छोटे,

इतके महिने लिहिलं नाही. आधी तुझा राग आला होता म्हणून, नंतर वेळ नव्हता म्हणून.

तुझं पाकीट आलं तेव्हा हे दाढी करत होते. मी ते मटारवालं पत्र उभ्या उभ्या वाचलं आणि तशीच न्हाणीघरात गेले. म्हटलं, "माझ्या पाठीमागे उभं राहून वाजवता? खांद्याला हात लावता येत नव्हता?" हे म्हणाले, "हात लावला असता तर तू ऐकलंय असा चेहरा केला असतास!" हे मात्र मला लख्ख ऐकू आलं, कारण ओरडून म्हणाले. मग मीही ओरडले. मशिन सुरू व्हायच्या आधी बटण दाबल्याचं मीच बोलून गेले. आम्ही तासभर भांडलो, ह्यांच्या अर्ध्या गालाला फेस तसाच. वरच्या मजल्यावरच्यांनी पुन्हा काठी आपटली, ती ह्यांनी मला वर बोट करून दाखवली. तिथे आम्ही थांबलो. बरं वाटलं गं. कित्येक महिन्यांत आम्ही एवढं बोललो नव्हतो.

मग दांडीची कवळी झाली. डॉक्टरीणबाईंनी ह्यांच्याकडून कॉर्नेट तिथेच वाजवून घेतलं, रोज किती वेळ वाजवायचं ते बजावलं, आणि धून खालच्या पट्टीत घ्यायला लावली. मला म्हणाल्या, "आजी, तुम्ही लक्ष ठेवा." मी म्हटलं, "मी? मला तर ऐकू येत नाही." पहिल्यांदाच परक्या माणसाला सांगितलं. काही आकाश कोसळलं नाही.

परवा ती संध्याकाळ झाली. जुन्या इमारतीचे दरवाजे आधीच काढून नेले होते, बंब बाहेर रस्त्यात उभे. ह्यांना गच्चीवर जायचं होतं, पण जिना धोक्याचा म्हणून अंगणातच उभं केलं. मला बँडमास्तरीणबाईंनी अगदी पुढे खुर्ची दिली. हे आले, ओठ पुसले, कॉर्नेट लावलं. मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना म्हणून बुटांकडे बघत राहिले.

सुरुवात ऐकू आली. मग मधेच काही नाही. बघते तर गाल फुगलेले, बोटं चालतायत, आणि माझ्याकडे लाइन कट. मग पुन्हा थोडं. मग पुन्हा कट. मी चेहरा केला नाही, छोटे. जसं होतं तसं तोंड ठेवून बसले. शेवटचा सूर मात्र खालचा होता, तो आला. सगळा आला. लांबवला त्यांनी, श्वास संपेस्तोवर लांबवला. रस्त्यातले बंबवाले ताठ उभे. कवळी जागच्या जागी.

टाळ्या पडल्या. हे खाली मान घालून माझ्याकडे आले आणि माझ्यासमोर नुसते उभे राहिले. मी म्हटलं, "शेवटचा सूर बेसूर होता."

काय तोंड झालं त्यांचं! म्हणाले, "बेसूर? अगं, आयुष्यात इतका स्वच्छ लागला नव्हता!" बँडमास्तरीणबाई म्हणाल्या स्वच्छ होता. ड्रमवाला म्हणाला स्वच्छ होता. मी म्हटलं, हे सगळे तुमचेच चेले. घरापर्यंत वाद. जेवताना वाद. शेवटी हे, माझ्याशी बोलायला म्हणून आणलेल्या पाटीवर मोठ्या अक्षरांत 'स्वच्छ होता' असं लिहून ती माझ्यासमोर धरून बसले.

काल सकाळी मी स्वतःहून कानाच्या डॉक्टरांकडे गेले. हे बरोबर आले. डॉक्टरांनी त्या पेटीत बसवलं, या वेळी मी खरं खरं बटण दाबलं. मग तपासून पाहण्यापुरती यंत्रं कानात घालून दिली आणि विचारलं, काही शंका? मी म्हटलं, "काढता येतात ना? ह्यांचा रियाज सकाळी सुरू होतो." हे डॉक्टरांना म्हणाले, "काढती चांगली असतात. काढली तरच निघतात. आमचे एक मित्र आहेत..."

बाहेर आलो तर रस्ता केवढा वाजत होता! माझ्या चपला वाजतात, छोटे. मला कोणी सांगितलंच नाही.

घरी आल्यावर मी म्हटलं, "आता वाजवा. तोच सूर." हे स्वयंपाकघरात उभे राहिले. मी मुद्दाम पाठ करून बसले. लागला सूर. मी शेवटपर्यंत ऐकला, तो संपल्यावर त्यांचा धापा टाकणारा श्वाससुद्धा ऐकला. मग वळून म्हटलं, "बेसूरच आहे. तेव्हाही बेसूर होता. एक्सचेंजच्या दिवसांपासून तुमचा तो सूर जरासा खालीच लागतो."

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर नीट लावून लवकर संपवला असतात."

हे जे हसत सुटले ते थांबेनात. मीही. हसता हसता त्यांना धाप लागली, तेव्हा ओट्याला टेकून त्यांनी खरोखरीच दात काढले, बशीत ठेवले, आणि उरलेलं हसून घेतलं.

तुझी,
ताई